जिवंत माणसाच्या फोटोला हार

भावाच्या फोटोला घालायला मी नागपूरहून चंदनाचा हार नेला होता. तो तसाच, कागदही न काढता, परत आणला. आल्यापासून जो भेटतो तो सिंगापूर कसं होतं ते विचारतो आणि मला चटकन काही सांगता येत नाही. उंच इमारती आणि स्वच्छ रस्ते सगळ्यांनाच ठाऊक असतात. माझ्या लक्षात राहिलं ते दुसरंच, म्हणून सावकाश लिहून काढते आहे.

सेम्बावांग

मिलिंद माझा धाकटा भाऊ. आमच्या वस्तीतून जहाजांच्या कामात गेलेला तो पहिलाच. नागपूरला समुद्र नाही, त्यामुळे तो नेमकं काय करतो हे आईला शेवटपर्यंत नीट समजावता आलं नाही. तो सर्व्हेअर होता. जहाज दुरुस्तीला आलं की त्याच्या पोटात शिरायचं, अंधाऱ्या टाक्यांतून टॉर्च घेऊन रांगायचं, पत्रा कुठे गंजलाय, सांधा कुठे उकलतोय ते बघायचं आणि जहाज पुन्हा समुद्रात जायला लायक आहे की नाही ते सांगायचं, हे त्याचं काम. मागच्या वर्षी एका सकाळी कामावर निघताना बूट घालायला तो खाली बसला आणि उठलाच नाही. माझ्याकडे तेव्हा पासपोर्ट नव्हता. त्याचा अंत्यविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिला. वर्षश्राद्ध आमच्यात नसतं, पण पहिल्या स्मृतिदिनी चार माणसं जमून बुद्धवंदना घेतात. त्यासाठी मी गेले.

सेम्बावांग हे शहराचं उत्तर टोक. एकसारख्या उंच इमारती, प्रत्येक मजल्यावर लांब गॅलरी, आणि खिडक्यांतून बाहेर काढलेल्या बांबूंवर वाळत घातलेले कपडे, झेंड्यांसारखे. मिलिंदच्या गॅलरीच्या टोकाला उभं राहिलं की दूरवर गोदीच्या क्रेनची डोकी दिसतात. बरंचसं काम आता बेटाच्या पश्चिमेला गेलं आहे असं म्हणतात. क्रेन बऱ्याचदा नुसत्याच उभ्या असतात.

घरात शुभा, माझी भावजय, आणि पंधरा वर्षांची इरा. हॉलच्या भिंतीवर आमच्या आईबाबांचे फोटो, दोन्हींना हार. मिलिंदचा फोटो मात्र भिंतीवर नव्हता. तो पुस्तकांच्या कपाटावर टेकवून ठेवलेला, किल्ल्यांच्या वाटीशेजारी. मी बॅगेतून हार काढला तशी शुभा म्हणाली, "ताई, राहू द्या तो कागदातच."

"वर्ष झालं, शुभा."

"माहीत आहे. मी रोज ऑफिसला जाताना त्याला सांगून जाते. आज उशीर होईल, इराचा क्लास आहे, असं काहीतरी. हार घातला की मग कुणाला सांगू?"

इरा सोफ्यावरून सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आत्या, डोन्ट फोर्स लाह. ममा विल डू व्हेन शी डू."

मी हार परत बॅगेत ठेवला. आयुष्यभर कॉलेजच्या लायब्ररीत बसल्यामुळे गप्प बसायची मला सवय आहे.

त्याच संध्याकाळी शुभाने एफुआचा विषय काढला. एफुआ घानामधल्या टेमा नावाच्या बंदराच्या गावची. मिलिंदच्या हाताखाली शिकलेली तरुण इंजिनिअर. तिलाही सर्व्हेअर व्हायचं होतं, पण तोंडी परीक्षेत ती दोनदा नापास झाली. दुसरी वेळ मिलिंद गेल्यानंतरची. आता ती म्हणत होती की स्मृतिदिनाला येते आणि मग कायमची गावी जाते. मामाचं कोल्ड स्टोअर आहे, तिथे गोठवलेली मासळी विकायला बसेन.

"आणि पुढच्या शनिवारचं भाषणही नाही म्हणतेय," शुभा म्हणाली. इथे आफ्रिकेतून आलेली थोडीफार कुटुंबं आहेत. त्यांची मुलं इथल्या शाळांत जातात, जिथे वर्गात त्यांच्यासारखं दुसरं कुणी नसतं. त्या मुलांना वेगवेगळ्या कामांची ओळख व्हावी म्हणून त्यांच्या आया अधूनमधून कुणालातरी बोलवतात. मिलिंदने वर्षापूर्वी एफुआच्या वतीने परस्पर हो म्हणून टाकलं होतं. "ताई, तुम्ही बोला ना तिच्याशी. लायब्ररीत किती पोरी तुमच्याकडे रडायला यायच्या."

यायच्या, हे खरं. पण मी त्यांच्याशी बोलत नसे. मी त्यांना खुर्ची देत असे.

मरीन परेड

एफुआ मरीन परेडला एका चिनी म्हाताऱ्या बाईच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहते. कामावर जायला तिला बेट ओलांडावं लागतं, पण इथून समुद्र दिसतो म्हणून तिने ही जागा सोडली नाही. ती मला एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, दाराशी घ्यायला आली होती. उंच, खांदे थोडे पुढे झुकलेले, केस घट्ट वेण्यांत बांधलेले. मिलिंद मला ताई म्हणायचा म्हणून तीही ताईच म्हणाली. आम्ही इंग्रजीत बोललो. इथे मी ते माझ्या भाषेत लिहिते आहे.

आधी तिने मला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत, लाक्सा खाऊ घातला. नारळाच्या दुधाची तिखट आमटी, त्यात जाड शेवया आणि कोळंबी. त्या भागात ती फक्त चमच्यानेच खायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी काड्या उचलल्या आणि पहिल्याच घासाला साडीवर लाल ओघळ आला. तिने पाण्याचा ग्लास आणि कागदी रुमाल पुढे सरकवला, आणि मग स्वतःच्या वाटीत इतकी मिरची घातली की मला आमच्याकडच्या सावजी खानावळींची आठवण झाली.

"टेमाला हे मिळणार नाही," मी म्हटलं.

"टेमाला केंके, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोळे, आणि तळलेली मासळी मिळेल," ती म्हणाली. "फुकट. मामाची."

नंतर किनाऱ्यावर गेलो. समोर क्षितिजापर्यंत जहाजं नांगर टाकून उभी होती, बस स्टँडवर गाड्या लागाव्यात तशी. मला ती सगळी सारखीच दिसली. एफुआ एकेकाकडे बोट दाखवत सांगू लागली. ते रिकामं आहे, बघा किती वर आलंय. त्याच्या पुढच्या भागाला ताजा रंग आहे, म्हणजे नुकतंच गोदीतून निघालंय. ते पलीकडचं एका बाजूला किंचित कललंय, कुणीतरी टाकीतलं पाणी हलवत असेल. बोलताना तिचे खांदे सरळ झाले होते. मासळी विकायला निघालेल्या माणसाचं हे बोलणं वाटेना.

"मग परीक्षेत काय झालं?" मी विचारलं.

ती जहाजांकडे बघतच म्हणाली, "मी जहाजावर चढले की चीफ इंजिनिअर माझ्या मागे बघतो. खरा सर्व्हेअर मागून येतोय का ते. अंकल मिलिंद असायचे तेव्हा खरंच मागून कुणीतरी यायचं. परीक्षेतही तसंच झालं. प्रश्न मला आणि नजर शेजारी बसलेल्या दुसऱ्या उमेदवार मुलाकडे. उत्तर मला येत होतं, ताई. पण जो माणूस माझ्याकडे बघतच नाही त्याला ते कसं द्यायचं, ते मला कळलं नाही. मी काळी आहे, आणि बाई. त्यांनी असं माणूस या कामात पाहिलेलंच नाही. खरं सांगू? मीही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही."

आमच्याकडे आडनाव विचारतात. विचारून झालं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे बदलतं ते मिलिंदने आणि मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. इथे आडनाव विचारावंही लागत नाही. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "अंकलनी सांगितलंय."

तिची खोली लहान आणि नीटनेटकी होती. एक पलंग, एक टेबल, टेबलासमोरच्या भिंतीवर चौकटीत एक मोठा फोटो. नारिंगी बॉयलर सूट घातलेली, काखेत हेल्मेट धरलेली एक धिप्पाड काळी बाई, डोळ्यांवर ऊन आल्यासारखी बारीक नजर. आणि फोटोला हार. कापडी झेंडूचा, भडक केशरी, मध्ये सोनेरी टिकल्या. लिटल इंडियात दुकानांबाहेर टांगलेले असतात तसला.

मी चपला दाराशी काढल्या होत्याच. फोटोसमोर उभी राहून हात जोडले आणि हलक्या आवाजात म्हटलं, "कधी गेल्या या? फार वय दिसत नाही."

एफुआ गोंधळली. "कुठे गेल्या?"

"म्हणजे, वारल्या कधी?"

"ग्रेस? ती जिवंत आहे, ताई. जहाजावर आहे. चीफ इंजिनिअर आहे, आता सर्व्हेअरही होणार आहे. टाकोराडीची. आमच्याच देशाची."

"मग हार?"

"तुमच्या घरी भिंतीवरच्या माणसांना असतो ना? अंकल म्हणाले होते, तुझ्यासारखं एखादं माणूस शोध आणि अभ्यासाच्या टेबलासमोर लाव. मी किती महिने शोधलं. शेवटी एका मासिकात ही सापडली. ज्यांना आपण मानतो त्यांना तुम्ही हार घालता, म्हणून मी घातला."

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडून गेलं, "अगं, आमच्यात मेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात."

तिचा चेहरा बघवेना. ती टेबलाला लागून असलेल्या पलंगावर चढली, हार काढला आणि हातात धरून उभी राहिली. "अंकल इथे आले होते. त्यांनी हा पाहिला होता. ते काहीच बोलले नाहीत." मग म्हणाली, "हसले असतील घरी जाऊन. मला एक बाई सापडली आणि मी तिला मारून टाकलं."

मला एमआरटीपर्यंत सोडायला ती आली, पण सबंध वाट दोन पावलं पुढेच चालली. गाडीत बसल्यावर मला वाटलं, हिने आजच टेमाचं तिकीट काढलं तर ते माझ्यामुळे.

पुलाउ उबीन

दोन दिवसांनी रविवार होता. मिलिंद रविवारी हाताखालच्या मुलांना घेऊन उबीनला जायचा. ते जवळचंच एक लहान बेट. सिंगापूर पूर्वी कसं होतं ते तिथे दिसतं म्हणतात: लाकडी घरं, पत्र्याची छपरं, नारळ, कोंबड्या. शुभाने मुद्दाम एफुआला बोलावलं. ती येईल असं मला वाटलं नव्हतं. आली.

तिथे जायला एक जुनाट लाकडी बोट असते, तिला बंबोट म्हणतात. वेळापत्रक नाही. बोट भरेपर्यंत थांबायचं, भरली की निघायचं. आमच्याकडच्या काळीपिवळीसारखंच. मला त्या नीटनेटक्या देशात पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं.

थोडं अंतर गेल्यावर एफुआने मान वाकडी करून बोटीच्या कडेबाहेर बघितलं आणि बोटवाल्या म्हाताऱ्याला म्हणाली, "अंकल, तुमचं इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झालीय."

म्हातारा तिच्याकडे बघेना. तिच्या मागे, आमच्याकडे, बाकीच्या माणसांकडे बघू लागला, जणू बोललं दुसरंच कुणीतरी. एफुआने माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "दिसलं?"

मला दिसलं होतं.

इरा मात्र उठून उभी राहिली. "अंकल, शी टॉकिंग टू यू, लेह! शी शिप इंजिनिअर, यू नो?"

एफुआने तिला खाली बसवलं आणि या वेळी मोठ्याने, एकेक शब्द सोडून, पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्याने इंजिन मंद केलं, आकडीची काठी पाण्यात घालून ढवळली आणि प्लॅस्टिकची पिशवी वर काढली. धार जाड झाली. "वा, गर्ल, यू गुड," तो म्हणाला. मग त्याने खिशातून एक पेपरमिंटची गोळी काढून तिला दिली. ती हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

बेटावर इराने आणि तिने सायकली घेतल्या. शुभा आणि मी चालत निघालो. एका पडवीत डबा उघडला. मिलिंदला आवडायची म्हणून मी पहाटे उठून सांबारवडी केली होती, सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर; तिथल्या बाजारातली कोथिंबीर दिसायला हिरवीगार, पण वासाला फिकी. आम्ही पहिला तुकडा मोडतो न मोडतो तोच मागून एक माकड आलं आणि अख्खा डबा घेऊन छपरावर गेलं. शुभा "अरे, अरे!" करत दोन पावलं धावली आणि मग तिथेच उभी राहून हसू लागली. हसता हसता रडू लागली. मी तिला जवळ घेतलं. सायकलवाल्या दोघी परत आल्या तेव्हा आम्ही तशाच होतो आणि वरून वड्यांचे तुकडे पडत होते.

तिथेच बसल्यावर मी शुभाला हाराची गोष्ट सांगितली. एफुआसमोरच. पाठीमागे सांगणं मला बरं वाटेना.

शुभाने डोळे पुसले. "ते मला माहीत आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "त्या दिवशी घरी येऊन मिलिंदने सांगितलं होतं, की तिने त्या बाईला हार घातलाय. मी म्हटलं, अरे, सांगायचं ना तिला. तर म्हणाला, इतक्या महिन्यांनी तिला कुणीतरी सापडलं, मी तिथे आपली रीत कुठे शिकवत बसू? हसला नाही तो, एफुआ. फक्त एवढं म्हणाला की पोरगी फोटोकडे बघतच बसते, त्या बाईला एकदा लिही म्हटलं तर लिहीत नाही."

"ते मला सारखे सांगायचे, लिही म्हणून," एफुआ म्हणाली. "पण एवढ्या मोठ्या बाईला मी काय लिहू? मी दोनदा नापास झालेली." मग माझ्याकडे वळली. "ताई, मेलेल्यांना तुम्ही हार घालता. मग जिवंत असेल तर काय करता?"

याचं उत्तर मला शोधावं लागलं नाही. "जिवंत असेल तर भेटायला जातो. नाही जमलं तर फोन करतो. कशी आहेस, जेवलीस का, एवढंच विचारतो."

 परतीच्या बोटीत एफुआ सगळा वेळ फोनवर काहीतरी लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. धक्क्यावर उतरायच्या आधी तिने फोन खिशात टाकला.

पुन्हा मरीन परेड

शनिवारी ती येणार की नाही हे शेवटपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. इराने तिला मेसेज केला तर उत्तर आलं, "बघते."

मरीन परेडच्याच एका इमारतीखालच्या सार्वजनिक खोलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. तेरा-चौदापासून सतरापर्यंतची मुलं, सगळी काळी, सगळी कंटाळलेली. त्यांच्या आया मागे टेबलावर भाताचं मोठं भांडं उघडून बसल्या होत्या आणि खोलीभर टोमॅटो-मिरचीचा वास सुटला होता. ठरलेली वेळ टळली. एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "नॉट कमिंग, लाह. लेट्स ईट." त्याच्या आईने मागूनच त्याला नावाने हाक मारली आणि तो गप्प झाला.

मग एफुआ आली. काखेत तो फोटो. हार नव्हता. तिने फोटो टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला आणि मुलांकडे वळली. खांदे पुन्हा पुढे झुकले होते. मला वाटलं, आता परीक्षेत झालं तेच होणार.

"मी जहाजं तपासायचं काम शिकते आहे," ती म्हणाली. "त्याची परीक्षा दोनदा नापास झाले."

खुर्च्यांतल्या माना पहिल्यांदाच वर झाल्या. मुलांना याची अपेक्षा नव्हती. इथे बोलायला येणारी माणसं बहुधा पहिल्या नंबराच्या गोष्टी सांगत असावीत.

मघाचाच मुलगा म्हणाला, "मग तुम्ही इथे कशाला आलात?"

आयांपैकी कुणीतरी "ए!" केलं. एफुआ म्हणाली, "बरोबर विचारलंस. मलाही तेच वाटत होतं." आणि तिने बोटीवरच्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. मागे बघणाऱ्या माणसांची गोष्ट सांगितली. तेव्हा एक मुलगी म्हणाली की तिला सगळे धावायच्या शर्यतीबद्दल विचारतात, ती तर गणितात चांगली आहे. दुसरा म्हणाला, मला फुटबॉल. मघाचा मुलगा म्हणाला, "मला रॅप. मला रॅप येतही नाही." सगळे हसले, तोही.

मग तिने हाराची गोष्ट सांगितली. माझ्याकडे हात करून म्हणाली, "या ताईंनी मला सांगितलं की ही बाई जिवंत आहे." तसं मी सांगितलं नव्हतं, पण मी मान हलवली.

"म्हणून मी तिला लिहिलं. गुरुवारी तिचं जहाज बंदराला लागलं तेव्हा हे आलं." तिने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. आधी नुसता वारा आणि यंत्रांची घरघर, मग एका बाईचा जाड, घाईतला आवाज:

"एफुआ, मी ग्रेस. तुझं वाचलं. नापास झालीस, बरं. त्यांनी काय काय विचारलं ते मला सांग, जसंच्या तसं. तू काय उत्तर दिलंस तेही. गप्प बसलीस तर कुठे गप्प बसलीस ते सांग. मागे बघतात म्हणतेस, बघू दे, मान दुखली की पुढे बघतील. आणि तो हार काढलास ते बरं केलंस. माझ्या आईला कळलं असतं तर तिने अख्ख्या चर्चला उपास करायला लावले असते. लवकर लिही, आम्ही रविवारी निघतो."

आया भातावरून उठून टाळ्या वाजवू लागल्या. बहुधा त्या उपासासाठी.

शेवटी गणितवाल्या मुलीने विचारलं, "मग तुम्ही तिसऱ्यांदा बसणार?"

एफुआने एकदा फोटोकडे बघितलं. शुभाने माझा हात धरला होता.

"हो," ती म्हणाली. "मी तिला सगळं लिहून पाठवलंय. आता नाही बसले तर ती ओरडेल."

जेवताना ती मुलगी एफुआशेजारी बसली आणि जहाजाचा तोल कसा मोजतात ते विचारत राहिली. एफुआने कागदी ताटाच्या पाठीवर आकृती काढून दाखवली. निघताना मुलीने ते ताट पुसून बॅगेत ठेवलं. मग फोन काढून म्हणाली, "तुमचा एक फोटो घेऊ?"

"घे," एफुआ म्हणाली. "पण माझा नंबरही घे."

सेम्बावांग

स्मृतिदिनाच्या सकाळी आम्ही तिघी पांढऱ्या साड्या आणि पांढऱ्या ड्रेसमध्ये होतो. दार वाजलं. दारात एफुआ, तीही पांढऱ्या कपड्यांत. आम्ही तिला काही सांगितलं नव्हतं. घानातही माणूस गेल्याला वर्ष झालं की पांढरं घालतात असं ती म्हणाली. दुःखाचे काळे-लाल कपडे त्या दिवशी संपतात.

मिलिंदचा फोटो शुभाने कपाटावरून काढून पाटावर ठेवला होता. मेणबत्त्या लावल्या, पंचशील म्हटलं. मागच्या बाजूला बसून एफुआ ओठ हलवत होती; मिलिंदकडे येऊन येऊन तिला अर्धंमुर्धं पाठ झालं होतं. नंतर सगळ्यांनी एकेक फूल वाहिलं. एफुआची पाळी आली तेव्हा तिने पिशवीतून तो केशरी हार काढला आणि शुभाकडे बघितलं.

"हा तिच्यासाठी नव्हता," ती म्हणाली. "मी चुकीच्या माणसाला घातला होता. मी यांना घालू?"

माझा चंदनाचा हार आतल्या खोलीत बॅगेत होता. तो उठून आणावा असं क्षणभर मनात आलं. मी उठले नाही.

शुभा पाटाकडे बघत राहिली. 

"घाल," शुभा म्हणाली.

एफुआने हार घातला. तिला सवय नव्हती. तो एका बाजूला जास्त लोंबू लागला आणि मिलिंदचा एक डोळा झेंडूमागे गेला.  मग शुभा गुडघ्यांवर पुढे सरकली, दोन्ही हातांनी हार उचलला, आणि सरळ केला.